कपाटामागची भिंत

पावसाळा तोंडावर आला की आमच्या आळीतली माणसं मला विचारायला येतात. घरात कुबट वास येतोय, काय करू? पोरीच्या शिंका थांबत नाहीत, मशीन घेऊ का? मी तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात रंगकामाच्या विभागात होतो. तिथले पंखे आणि हवेचे नळ सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे हवा म्हटलं की मला विचारायचं, असं सगळे धरून चालतात. मीही सांगतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. समोरासमोरच्या खिडक्या रोज थोडा वेळ उघडा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. गॅसवर पंखा बसवलाय तर तो लावत जा. ओल आलेल्या भिंतीला रंग मारून ती झाकू नका. माणसं ऐकून घेतात, बरं म्हणतात आणि जातात.

यातलं बरंचसं मला कारखान्यात नव्हे, घरात कळलं. कसं कळलं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, मुलालाही नाही. विषय त्या बाजूला वळला की मी उठून पाणी प्यायला जायचो. अशी काही वर्षं गेली. आमच्या घरात माझ्या वहिनींबद्दल एक गोष्ट बोलली जाते. ती खोटी आहे, आणि ती मी खोटी ठेवली. म्हणून आता लिहितो आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ तरुणपणीच गेला. पदरात एक मुलगी. वहिनींनी लोहगडवाडीत, गडाच्या पायथ्याशी, चार बांबू आणि वर पत्रा टाकून चूल मांडली. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी, कांदाभजी, चहा. मी आयटीआयला होतो तेव्हा माझा डबा त्याच चुलीवरून यायचा. पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, आणि त्यांची मुलगी वडिवळ्यात दिली. वहिनी मात्र गुडघे बोलायला लागेपर्यंत त्या चुलीपुढे बसून होत्या. पुण्याची माणसं त्यांचा भाकरी थापतानाचा फोटो काढायची आणि म्हणायची, "मावशी, या धुराचीच चव आहे हो." वहिनी डोळे पुसत म्हणायच्या, "चव तुमी न्या, धूर मला ठिवा."

माझी बायको गेल्यावर मीच त्यांना लोणावळ्याला घरी आणलं. एकटा होतो, घर कुणीतरी चालवायला हवं होतं. त्या आल्या आणि घर चालू लागलं. गॅस होता, तरी भाकरीसाठी त्यांनी मागच्या अंगणात दोन दगडांची चूल केलीच.

निवृत्त झाल्यावर मी जुनं कौलारू घर पाडून तिथे स्लॅबचं घर बांधलं. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. जुन्या घराच्या त्या बाजूच्या भिंतीला वरती दोन झरोके होते. गवंड्याने नव्या भिंतीतही ते ठेवले होते. मी म्हटलं, बुजवून टाक, झड आत येते. सरकत्या खिडक्या बसवल्या, रबराच्या पट्टीच्या. बंद केल्या की रेल्वेचा आवाजसुद्धा येत नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचो. वहिनी खाली उभ्या राहून गवंड्याचं काम बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, येक तरी भोक ठिवा. भितीला दम घ्यायला नको व्हय?"

"भिंतीला फुप्फुसं असतात का वहिनी?" मी म्हणालो. गवंडी हसला. मलाही बरं वाटलं, कारण हवेतलं कळणारा माणूस मी होतो.

मुलगा पुण्यात नोकरी करायचा. सुनेला मुलगी झाली तेव्हा काही महिने इथे राहायचं ठरलं. तिकडचं बांधकाम, तिकडची धूळ, आणि इकडे डोंगराची मोकळी हवा, असा हिशेब. ज्येष्ठ संपता संपता ती तिघं आली, मुलगा इथूनच रेल्वेने कामाला जायचा. पश्चिमेची मोठी खोली त्यांना दिली. त्या भिंतीला लागून मी सुनेसाठी नवं कपाट करून घेतलं होतं. मुलाने बरोबर हवा शुद्ध करायचं मशीन आणलं. पांढरं, गुडघ्याएवढं, डेऱ्यासारखं. वरती दिव्याची गोल कडी. हवा चांगली असली की निळी, मध्यम असली की पिवळी, वाईट असली की लाल.

बाळाचं सगळं वहिनींकडे आलं. तेल, आंघोळ, आणि आंघोळीनंतर धुरी. खापरात निखारे, त्यावर ओवा, लसणाच्या साली, वावडिंग, आणि बाळाला वरून फिरवायचं. बाळाचे कपडेही त्या निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवायच्या. आमच्याकडे चार महिने ऊन दिसत नाही, तेव्हा पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय.

पहिल्याच आठवड्यात वहिनी बाळाच्या आंघोळीचं कढत पाणी घेऊन खोलीत आल्या आणि मशीन लाल झालं. धुरी अजून पेटवलीही नव्हती. मुलगा म्हणाला, "काकी, तुम्हाला बघून भडकलं बघा."

"मग माझ्यापरास त्येला नाक हाय म्हणायचं," वहिनी म्हणाल्या आणि सगळ्यांत आधी त्याच हसल्या.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. त्या खिडकी उघडायच्या, तेव्हा तर हमखास. आषाढात आमच्याकडे धुकं हात घालून धरावं असं असतं, खिडकी उघडली की ते खोलीत चालत येतं. मशीन लाल व्हायचं, सून खिडकी बंद करायची, हळूहळू निळं व्हायचं. "काकी, नका ना उघडू," ती म्हणायची. ती वाईट मुलगी नव्हती. बाळाला घरघर लागली होती आणि ती घाबरली होती.

ती घरघर वाढली तेव्हा आम्ही बाळाला बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का, धूर होतो का, भिंतींना ओल आहे का?

मी होतो बरोबर. मी म्हणालो, "ओल नाही. नवं घर आहे, मी स्वतः उभं राहून बांधलंय. पण घरात एक जुनं माणूस आहे, धुरी देतं, चुलीवर बसतं."

डॉक्टर म्हणाले, धुरी आजपासून बंद. ते बरोबरच होतं. तेवढ्याशा छातीला तो धूर नकोच. पण एका प्रश्नाचं उत्तर मी न बघता दिलं होतं आणि दुसऱ्याचं उत्तर म्हणून एक माणूस दिलं होतं.

घरी येऊन मी वहिनींना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. धुरीचं खापर परसात नेऊन फोडलं. दुसऱ्या दिवसापासून मागची चूलही पेटली नाही. देवापुढची उदबत्ती बंद झाली. टोपलीवर कपडे वाळवणंही गेलं, म्हणून सुनेने खोलीतच, कपाटापासून दारापर्यंत दोरी बांधली आणि तिच्यावर बाळाची लंगोटं, दुपटी, झबली ओळीने लोंबू लागली. मशीन निळं होतं. खिडकी बंद होती. बाळाची घरघर थांबली नाही.

मग घरात असं बोललं जाऊ लागलं की काकी चोरून काहीतरी करत असणार. कोण म्हणालं पहिल्यांदा? मी म्हणालो. जेवताना म्हणालो, "सवय आहे, सहज जात नाही." एवढंच. पुढचं मुलाने आपोआप धरलं.

एका रविवारी सुनेकडचे पाहुणे आले. शिरगावला साईबाबांचं दर्शन घेऊन बाळाला बघायला आले होते. सहा-सात माणसं त्या खोलीत बसली. मशीनची गोष्ट निघाली. कुणीतरी म्हणालं, खरंच कळतं का हो त्याला? मी म्हणालो, "दाखवतो." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "वहिनी, जरा आत या बघू!"

त्या चहाच घेऊन येत होत्या. ट्रेमध्ये आठ कप, वाफाळते. त्या मशीनजवळून वाकून एकेकाला कप देऊ लागल्या, आणि दिवा पिवळा झाला, मग लाल झाला. पाहुणे टाळ्या पिटून हसले. सुनेचा मामा म्हणाला, "अहो, हे तर पोलिसाचं कुत्रं आहे!" पुन्हा हसू. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. वहिनी ट्रे हातात घेऊन मध्ये उभ्या होत्या. एक कप उरला होता, तो त्यांचा होता. तो तसाच घेऊन त्या बाहेर गेल्या. या वेळी त्या हसल्या नव्हत्या. मी ते पाहिलं, आणि पाहुण्यांना म्हणालो, "चिवडा घ्या ना."

त्या दिवसानंतर वहिनी त्या खोलीत आल्या नाहीत. बाळाच्या आंघोळीचं पाणी उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. सून बादली आत ओढायची. बाळ त्यांचा आवाज ओळखायचं, मान वळवायचं. त्या उंबऱ्यापलीकडून बोलायच्या, "काय गं बाय, न्हाली का? हितनंच बघते तुला." तरीही घरघर होतीच. मुलगा म्हणाला, आबा, काकींच्या अंथरुणातच धूर बसलाय, सगळ्या घरात पसरतो. मी म्हणालो, त्यांची सोय मागच्या पडवीत करू.

पडवी म्हणजे तीन बाजूंनी उघडी जागा. झड अडवायला मी ताडपत्री बांधली. त्यांची पत्र्याची पेटी मीच उचलून नेली, वाकळही मीच नेली. त्या मागून चालत आल्या. पेटी ठेवल्यावर म्हणाल्या, "मी ऱ्हाते हितं. माजं काय न्हाई. पर त्या खोलीला कुबट वास येतोय भाऊजी. दार लोटलं की माज्यापतूर येतो. खिडकी तेवडी उघडायला सांगा."

मी म्हणालो, "वास तुमच्या लुगड्याला येतो, वहिनी. खोलीला नाही."

त्यांनी पदराचा शेव नाकाशी धरला. खरंच हुंगून पाहिलं. मग खाली बसल्या आणि पेटी सरळ केली.

श्रावणात सुनेच्या माहेरी काही कार्य होतं. ती तिघं आठ दिवसांसाठी गेली. घरात मी, आणि पडवीत वहिनी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलाच्या खोलीत विजेचं बटण दुरुस्त करायला गेलो. मशीन चालूच राहिलं होतं, निळं. आतली हवा जड झाली होती म्हणून मी खिडकी सरकवली. धुकं आत आलं. मशीन लाल झालं.

खोलीत वहिनी नव्हत्या. धूर नव्हता. मी खिडकी बंद केली, निळं झालं. उघडली, लाल झालं. स्वयंपाकघरातून चहाचं आधण घेऊन आलो आणि मशीनजवळ धरलं. लाल. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसलो. त्या मशीनला हवेतले बारीक कण दिसतात, आणि पाण्याचा थेंब त्याला धुळीसारखाच दिसतो. रंगकामाच्या विभागातही असली यंत्रं होती आणि पावसाळ्यात ती अशीच फसायची. मला हे वीस वर्षांपासून माहीत होतं. आमच्या घरात वाफेचं प्रत्येक काम वहिनींकडे होतं. पाणी त्या तापवायच्या, चहा त्या आणायच्या, खिडकी त्या उघडायच्या. मशीन त्यांच्या कामाला लाल होत होतं. आणि स्वच्छ धुकं आत येऊ नये म्हणून आम्ही महिना-दीड महिना खिडकी लावून, आत लंगोटं वाळवत बसलो होतो.

मग मी कपाट ओढलं. जड होतं, चिकटल्यासारखं झालं होतं. ते सुटलं तेव्हा वास असा अंगावर आला की मी तोंड फिरवलं. जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत भिंत हिरवी-काळी होती. कपाटाच्या पाठीला मांजराच्या अंगावर असते तशी लव आली होती. बोट लावलं तर धुरळा उडाला. बाळाचा पाळणा या कपाटापासून दोन हातांवर होता. वरती, जिथे मी झरोके बुजवले होते, तिथून ओल खाली उतरल्याच्या रेघा दिसत होत्या.

मी त्या वेळी काय केलं ते नीट लिहितो. आधी मी दार आतून लावून घेतलं.

तीन दिवस मी ती भिंत खरवडली. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतली. छिन्नी-हातोडा घेऊन दोन्ही झरोके पुन्हा फोडले, त्यांना जाळी आणि वर पत्र्याचा छोटा छज्जा लावला. कपाटाची पाठ काढून परसात नेऊन फोडली. दोरी काढली. खिडकी उघडी ठेवली आणि पंखा लावला, मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी हातोड्याच्या आवाजाने वहिनी चहा घेऊन आल्या. मी दार उघडलं. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. समोर अख्खी भिंत उघडी होती, अर्धी खरवडलेली, अर्धी काळी. त्यांनी ती बघितली. वरच्या भोकांतून येणारा उजेड बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होतो की त्या काहीतरी बोलतील. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बहुतेक मी रडलो असतो आणि सगळं तिथेच मिटलं असतं.

त्या म्हणाल्या, "तोंडाला फडकं बांधा. वंगाळ असतंय ते छातीला."

मी कप घेतला आणि म्हणालो, "पोरांना काही बोलू नका. उगाच घाबरतील."

"न्हाई बोलत," त्या म्हणाल्या.

आत या, असंही मी म्हणालो नाही.

मुलं परत आली. भिंतीला कोरा रंग दिला होता. जाळी दिसली तेव्हा मी सांगितलं, म्हटलं जरा वारा खेळावा. बाळ पंधरा दिवसांत मोकळा श्वास घेऊ लागलं. सून हसू लागली. एकदा सकाळी आम्ही चहा पीत होतो, वहिनी मागच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि मुलगा म्हणाला, "आबा, काकी पडवीत झोपायला लागल्या आणि बघा कसा फरक पडला. आधीच करायला हवं होतं."

वहिनींचा हात सुपात थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी बोलतो का, एवढंच बघत होत्या. मध्ये दहा-बारा पावलं अंतर असेल.

मी म्हणालो, "हो ना. पडला खरा फरक."

त्यांनी खडा उचलून बाजूला टाकला.

त्याच आठवड्यात त्यांनी पेटी आवरली. वडिवळ्याला मुलीकडे भातात गवत फार झालंय, मदतीला जाते म्हणाल्या. त्यांच्याच्याने आता वाकवत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी अडवलं नाही. निघताना सुनेने बाळ उचलून आणलं, तर त्या दोन पावलं मागे सरल्या. "ऱ्हाऊ दे. मी पारोशी हाय."

त्या सकाळीच न्हाल्या होत्या. मी पाणी तापताना पाहिलं होतं.

भातकापणीच्या दिवसांत मी वडिवळ्याला गेलो. कामशेतपासून धरणाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसल्या बसल्या मी एक वाक्य जुळवलं आणि उतरेपर्यंत ते मनात म्हणत राहिलो. वहिनी पुतणीच्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. खोकत होत्या. पडवीतल्या ओलीपासून तो खोकला त्यांच्याबरोबर आला होता.

"कोण, भाऊजी? या. बाळ कुटं हाय?"

"आणलं नाही."

"बरं केलं." त्या ओट्याच्या पार टोकाला सरकल्या आणि माझ्यासाठी पोतं अंथरलं. "बसा. मी हितं लांबच बसते. तुमच्या कापडाला वास लागंल, मग घरी जाऊन त्ये तुमचं लाल व्हायचं."

पुतणी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला कळलं की वहिनींनी शब्द पाळला आहे. तिला भिंतीतलं काहीही माहीत नव्हतं. आपल्या आईच्या अंगाला वास येतो म्हणून आपल्या काकाने तिला बाहेर काढलं, एवढंच तिला माहीत होतं, आणि तरी तिने मला पाणी आणून दिलं.

मी पाणी प्यायलो. म्हणालो, "यंदा भात बरं दिसतंय."

"व्हय. पावसानं साथ दिली," वहिनी म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी दोनदा विचारलं, भाऊजी, काय काम काढलंत? मी दोन्ही वेळा म्हणालो, सहज.

थंडी सरता सरता त्या गेल्या. दहाव्याला मुलगा घाटावर कुणालातरी सांगत होता, "आयुष्यभर चुलीचा धूर. छातीच गेली होती काकींची. आम्ही किती सांगायचो." मी शेजारी उभा होतो. चुलीने गेली की माझ्या ताडपत्रीने, हे कुणी तपासलं नाही. मी मान हलवली.

मशीन अजून आहे, पुण्याला मुलाकडे. नात शाळेत जाते. तिला कुणीतरी ती गोष्ट सांगितलीय, की तुझी एक आजी होती, ती खोलीत आली की दिवा लाल व्हायचा. ती गोष्ट ती हसून सांगते. गेल्या दिवाळीत तिने माझ्यासमोर अभिनय करून दाखवला, कमरेत वाकून, हातात खोटा ट्रे धरून. सगळे हसले. मी पाणी प्यायला उठलो.

जीपमध्ये कामशेतपासून घोकलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. ते असं होतं: वहिनी, दिवा तुमच्यामुळं लाल होत नव्हता, बाळाचा श्वास माझ्या भिंतीनं अडवला होता, मला ते कळलं होतं आणि तरी मी तुम्हाला बाहेर राहू दिलं, मी चुकलो, आता पोरांसमोर हे सांगतो, तुम्ही घरी चला आणि आत येऊन बसा.